पीक आपले, नोंद कोणाच्या हातची?

श्रोतेहो, निजामी अमदानीत आपल्या धाराशिवकडे शेतातल्या पिकाची नोंद गावचा पटवारी करी. पुढे ते काम तलाठ्याकडे आले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले. आणि २०२१ साली त्याच तारखेपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने बांधावर जायचे, सोयाबीनचा फोटो काढायचा, नोंद आपणच करायची.

तरुणाच्या हाती मोबाईल दिवसभर असतो. त्याचा बाप बाजारभाव नि हवामान पाहतो. पण सातबारा पुष्कळदा आजोबांच्या नावावर! त्यांनी पूर्वी पटवाऱ्याची वाट पाहिली, आता नातवाची पाहायची काय? गुरुजी, पोरांना एवढे सांगा: नोंद आजोबांच्याच बोटाने करवून घ्या.