तबकडीवरचे बांध

तलाठ्याच्या दप्तराशी ज्याचा आयुष्यात एकदा तरी संबंध आला आहे, त्याला शेत आणि शेताची नोंद या दोन भिन्न वस्तू आहेत हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. सातबाऱ्यावरचे नाव उडाले म्हणून काळी जमीन वाहून जात नाही, आणि नोंद पुन्हा लागेपर्यंत तीत कोणी नांगर घातला नाही तर उभे पीकही जागेवरच राहते. संगणकाच्या हार्डडिस्कची दुरुस्ती करणाऱ्यांनी हाच भेद गेल्या चार-पाच दशकांत अनुभवाने जाणला. त्यांच्या विद्येचा इतिहास मला या एका भेदाचाच इतिहास वाटतो.

१९५६ साली आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतून रॅमॅक हे यंत्र बाहेर पडले, तेव्हा त्याच्या स्मृतिकोशात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक फिरत असत आणि त्या साऱ्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. एवढ्या वतनाची वाटणी करण्याचा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. तो प्रश्न आला १९८३ मध्ये, जेव्हा त्याच कंपनीने १० मेगाबाइटांची हार्डडिस्क बसवलेला एक्सटी हा वैयक्तिक संगणक विक्रीस काढला आणि एकाच डिस्कवर दोन-तीन निरनिराळ्या कार्यप्रणालींना नांदता यावे म्हणून तिच्या अगदी पहिल्या सेक्टरात हद्दींचे एक कोष्टक घातले. ५१२ बाइटांच्या त्या सेक्टरात यंत्र सुरू करणारी आज्ञावली ४४६ बाइटांत, तिच्यामागे १६ बाइटांची एक अशा चार नोंदी, आणि शेवटी मोहोर म्हणून दोन बाइट, अशी ती मांडणी होती. प्रत्येक नोंदीत भाग कोठून सुरू होतो, किती लांब आहे आणि कोणत्या जातीचा आहे, एवढी मुख्य माहिती लिहिलेली असे. साऱ्या डिस्कच्या चतुःसीमा ६४ बाइटांत सामावल्या, आणि त्यांची दुसरी नक्कल मात्र कोठेही ठेवलेली नव्हती.

सोय म्हणून आलेली वाटणी लौकरच सक्तीची झाली. त्या काळच्या डॉस या कार्यप्रणालीला एका भागात ३२ मेगाबाइटांपलीकडे मोजता येत नसे. डिस्का मोठ्या होत गेल्या, पण मोजणीची साखळी आखूडच राहिली, त्यामुळे १९८७ च्या सुमारास मोठी डिस्क घेणाऱ्यास तिचे तुकडे पाडण्यावाचून गत्यंतर नव्हते. ही मर्यादा पुढे उठली, तरी वहिवाट उरली. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीच्या मालकीची, म्हणून हार्डडिस्क सीपासून सुरू झाली. आणि सीवर यंत्राचा संसार, डीवर आपला, ही आपल्याकडच्या घराघरांतली रीत त्याच वाटणीची वंशज आहे. ‘सीमध्ये काही ठेवू नका’ हे संगणक बसवून देणाऱ्याचे पहिले वाक्य असे, आणि ते शहाणपणाचे होते.

भागांच्या आत पुन्हा निराळे दप्तर. १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडॉनल्ड यांनी रचलेल्या फॅट या पद्धतीत फाइलीचे तुकडे डिस्कवर कोठेही विखुरलेले असले, तरी एका तुकड्यानंतर दुसरा कोणता, याची साखळी एका कोष्टकात लिहिलेली असे. या कोष्टकाच्या बहुधा दोन प्रती ठेवीत, पण एकमेकींना खेटून. एकाच कपाटात मूळ दस्त आणि नक्कल ठेवावी तशा, आणि ही चूक मला कधीच समजू शकलेली नाही. फाइल पुसली, म्हणजे यादीतल्या तिच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे बदलले जाई व तिच्या जागा कोष्टकात रिकाम्या दाखविल्या जात; मजकूर तसाच पडून राही. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये पुसलेली फाइल परत आणणारी जी उपयुक्त आज्ञावली बाजारात आणली, तिचे सारे सामर्थ्य या गोष्टीत होते. ज्या तुकड्यांची साखळी असे, पण ज्यांच्यावर कोणत्याही नावाचा हक्क उरलेला नसे, अशा बेवारस तुकड्यांना चेकडिस्क ही आज्ञा क्रमांक घालून निराळ्या फाइलींत जमा करी. हे काम मला नेहमीच एखाद्या प्रामाणिक कारकुनाचे वाटत आले आहे.

२००४ च्या भाद्रपदात दिवाळी अंकाची जुळवलेली पाने माझ्या डीवर होती, आणि दुसरी कार्यप्रणाली बसवून पाहण्याच्या नादात मीच ते ६४ बाइट बिघडवले. डी नाहीसा झाला. जवळच्या दुकानात ‘पार्टिशन उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल, डेटा गेला समजा’ असा निकाल मिळाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरच्या एका माळ्यावर बसणाऱ्या तंत्रज्ञाने मात्र प्रथम एकच प्रश्न विचारला : ‘त्यानंतर यावर काही लिहिलंत का?’ मी नाही म्हणताच त्याने डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला दुय्यम म्हणून जोडली आणि ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थाने लिहिलेली, विनामूल्य मिळणारी टेस्टडिस्क सुरू केली. काळ्या पडद्यावर आकडे सरकू लागले. ती डिस्कभर प्रत्येक भागाच्या आरंभी असणाऱ्या सेक्टराची खूण शोधीत होती. म्हणजे कागद नसताना शेतात हिंडून हद्दीचे दगड पाहावेत तसे. बऱ्याच वेळाने एक ओळ उमटली, त्याने पी हे अक्षर दाबले, आणि माझ्या लेखांची नावे एकाखाली एक दिसू लागली. मी ती मोजली. सगळी होती. मगच त्याने कोष्टक पुन्हा लिहिले.

पुढे दोन टेराबाइटांच्या पलीकडे जुन्या कोष्टकाची मोजणी पोहोचेना, तेव्हा सर्रास वापरात आलेल्या जीपीटी पद्धतीत हद्दींची एक प्रत डिस्कच्या आरंभी आणि दुसरी थेट शेवटी ठेवण्याची, शिवाय दोन्हींची खातरजमा करण्यासाठी पडताळणीचा आकडा लिहिण्याची तरतूद होती. माझी ती ४० गिगाबाइटांची डिस्क मात्र जुन्याच कोष्टकाची. ‘याची नक्कल कुठंच नसते, तुम्हीच ठेवा’ असे म्हणून त्या तंत्रज्ञाने बिलाच्या मागच्या बाजूस बॉलपेनने ‘सी ० ते १२७४, डी १२७५ ते ४८६३’ असे सिलिंडरांचे आकडे लिहून तो कागद डिस्कच्या झाकणावर चिकटपट्टीने लावून दिला. चिकटपट्टी पिवळी पडली आहे. आकडे अजून वाचता येतात.