शिक्षा न झालेली द्वाड पोर

1946 च्या ऑगस्टमध्ये स्वीडनमधले शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक यॉन लांडक्विस्ट एका बालपुस्तकावर उखडले. कॉफीच्या आमंत्रणाला गेलेलं कुठलंही धड मूल अख्खा क्रीमचा केक एकटं फस्त करत नाही, की जमिनीवर सांडलेल्या साखरेत अनवाणी फिरत नाही, असं त्यांनी 'आफ्टोनब्लाडेट' या दैनिकात सुनावलं. हे दोन्ही पराक्रम अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या नऊ वर्षांच्या पिप्पीचे. घोडा आणि माकड सोबतीला घेऊन ती घरात एकटी राहते, बिनदिक्कत थापा ठोकते आणि शाळेत काही टिकत नाही.

द्वाड पोरं पुस्तकांना नवी नव्हती. फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन यांच्या 1845 च्या पुस्तकात काडेपेटीशी खेळणारी मुलगी जळून राख होते, तर अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी कात्रीनं छाटतो. विल्हेल्म बुश यांनी 1865 मध्ये माक्स आणि मोरिट्स या जोडगोळीला चक्कीत दळून बदकांपुढे टाकलं. खोड्या कितीही रंगोत, शेवटच्या पानावर हिशेब चुकता व्हायचा.

पिप्पीचा हिशेब होतच नाही. तिला बालगृहात न्यायला दोन पोलीस येतात. ती त्यांना कमरेच्या पट्ट्याला धरून उचलते, फाटकाबाहेर नेऊन ठेवते आणि वर खाऊ देते.

पिप्पी हे नाव लिंडग्रेन यांच्या लेकीला, कारिनला सुचलेलं. 1941 मध्ये न्यूमोनियानं अंथरुणावर पडलेल्या कारिननं पिप्पीची गोष्ट मागितली, आईनं रचली. 1944 मध्ये पाय मुरगळून घरी बसल्यावर आईनं ती लिहून काढली. बोनियर्स या प्रकाशनसंस्थेला हस्तलिखित पाठवताना, बालकल्याण समितीला कळवू नका म्हणजे झालं, असंही लिहिलं. ते साभार परत आलं. थोडं सौम्य केलेलं हस्तलिखित 1945 मध्ये राबेन अँड शोग्रेनच्या स्पर्धेत पहिलं आलं.

केकबद्दल लिंडग्रेन यांचं म्हणणं असं, की धड मूल पिप्पीसारखं घोडाही उचलत नाही. ज्याला घोडा उचलता येतो, त्याला केकही संपवता येत असेल.

1978 मध्ये फ्रँकफर्टला शांतता पुरस्कार घेताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. आईनं मुलाला मारायला छडी आणायला पाठवलं. छडी मिळेना, म्हणून मुलगा रडत दगड घेऊन आला: हा तर फेकून मारता येईल. आईला रडू फुटलं. तो दगड तिनं स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिला.

पुढच्याच वर्षी स्वीडननं मुलांना मारण्यावर कायद्यानं बंदी घातली, जगात पहिल्यांदाच. 1945 मध्ये सात वर्षांचे असलेले पिप्पीचे वाचक तेव्हा चाळिशीत होते.