शिंग्रोबाची साक्ष: बोरघाटाची रेल्वे कोणाची?



घाटातल्या रेल्वेवर बोलायला वडगाव निंबाळकरला कशाला यायचं, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. इथून घाट दिसत नाही. गाडी पकडायची तर एकीकडे नीरा, दुसरीकडे बारामती. पण आम्हाला हा विषय इथेच मांडायचा होता, आणि त्याला दोन कारणं आहेत. पहिलं पाणी. नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला, आणि त्याच्या जोरावर तुमचा ऊस उभा आहे. ते पाणी पडतं कुठे? भोरच्या पलीकडे, सह्याद्रीच्या माथ्यावर. दुसरं कारण म्हणजे तुमच्या आसपासच्या वस्त्यांवरचे मेंढपाळ. बारामती, इंदापूर, फलटण या पट्ट्यातले धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, खाचरांत कळप बसवतात, बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात आणि पावसाच्या आत वर येतात. किती पिढ्या हे चाललंय, ते मोजता येणार नाही. म्हणजे घाट चढणं-उतरणं हा ज्यांचा दरवर्षीचा उद्योग, त्यांच्या गावात आपण बसलो आहोत. बोरघाटाची गोष्ट त्यांना सोडून सांगताच येत नाही.

ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे. इंग्रजांना घाटातून वाट सापडेना. शिंग्रोबा नावाच्या धनगरानं ती दाखवली. साहेब खूश झाला, म्हणाला, काय हवं ते माग. शिंग्रोबा म्हणाला, आमचा मुलूख सोडून जा. साहेबानं त्याला गोळी घातली. खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे, आणि अजूनही गाड्यांच्या खिडक्यांतून तिथे नाणी पडतात.

आम्ही ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली ती आगगाडीत, कॉलेजात असताना. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितली. पुढे मास्तरकी करताना आम्ही ती वर्गात बिनदिक्कत खरी म्हणून सांगत आलो. एका वर्षी एका मुलानं विचारलं, "सर, पुरावा काय?" आम्ही गडबडलो. म्हणालो, लोककथा आहे. तेव्हा मागच्या बाकावरचा दुसरा मुलगा उठला. तो धनगर वस्तीवरून आलेला होता. "म्हणजे खोटी का, सर?" तास संपला, म्हणून आम्ही सुटलो. (हशा) हसू नका, त्या दोन प्रश्नांची उत्तरं आम्ही त्या मुलांना कधीच दिली नाहीत. आज देऊन बघतो.

आधी पक्कं काय आहे ते पाहू. मुंबई ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली. कंपनी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, तिचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली. मुंबईचा खरा व्यापार देशावरच्या कापसावर अवलंबून, आणि कापूस घाटाच्या वर. मधे ही काळ्या पाषाणाची भिंत. बोरघाटाचं काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६३ साली गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. सुमारे २५ किलोमीटर अंतरात १,८३१ फूट चढण, २५ बोगदे, ८ मोठे पूल. तिकडे कसाऱ्याचा थळघाट १८६५ च्या पहिल्या दिवशी सुरू झाला.

आता चढ समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मेंढरू नाकासमोर चढतं, बैल वळसे घेत चढतो. आगगाडीचं तसं नाही. लोखंडावर लोखंड, चाक घसरणार. म्हणून बोरघाटात जास्तीत जास्त चढ ठेवला ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे जावं तेव्हा एक फूट वर. हाही फार झाला. आजसुद्धा पुण्याकडे येणारी गाडी कर्जतला थांबते, मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, आणि तेवढ्यात आपण वडा खाऊन घेतो. खंडाळ्याखाली तर रूळ वळवायला जागाच उरली नाही. मग तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी चढून यायची आणि थांबायची. इंजिन एका टोकाचं सोडून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि गाडी उलट तोंडानं पुढचा चढ चढायची. १९२९ साली नवे बोगदे काढून ही कसरत संपवली, विजेची इंजिनं आली, आणि १ जून १९३० ला दख्खनची राणी सुरू झाली.

याचा अर्थ काय? रुळांची ही आखणी कुणा धनगरानं बोट करून दाखवली, असं होऊ शकत नाही. ३७ ला १ हे डोळ्यानं दिसत नाही. ते दुर्बिणीनं, साखळीनं, महिनोन्‌महिने मोजून काढावं लागतं. हे कबूल करायला हवं, आपल्या माणसाबद्दल कितीही प्रेम असलं तरी.

पण मोजणारा माणूस डोंगरात शिरतो कसा? सोंड कुठे संपते, कडा कुठे तुटतो, उन्हाळ्यात पाणी कुठल्या झऱ्याला टिकतं, हे त्याला कोण सांगतं? हा डोंगर कोरा नव्हता. माथ्यावर कार्ले, भाजे, बेडसे ही दोन हजार वर्षांची लेणी आहेत, ती व्यापारी वाटेच्या आधारानंच वाढली. राजमाचीचा किल्ला याच वाटेवर नजर ठेवून बसला आहे. शेजारच्या उंबरखिंडीत १६६१ साली शिवाजीमहाराजांनी कारतलबखानाला कोंडलं, तेही वाटांची माहिती होती म्हणून. साहेबांनी घाट "शोधला" नाही. त्यांनी मोजला. नावं मात्र नवी दिली. नागफणीच्या सुळक्याला त्यांनी ड्यूकचं नाक केलं, वेलिंग्टनचं नाक बाकदार होतं म्हणून! आपल्याकडे फणा दिसला, त्यांना सेनापती.

आता पुराव्याकडे येऊ. आमचा मूळ विषय तत्त्वज्ञान, म्हणून थोडी मोकळीक घेतो. कुमारिल भट्टांच्या परंपरेत अनुपलब्धी नावाचं एक प्रमाण आहे. न दिसणं हाही ज्ञानाचा मार्ग. खोलीत घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण याला एक अट आहे, आणि ती फार शहाणी अट आहे: घडा असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती पाहिजे. दिवा लावलेला पाहिजे. अंधारात घडा दिसला नाही, एवढ्यावरून घडा नाही असं म्हणता येत नाही.

कंपनीच्या कागदांत दिवा कुठे लावला होता, ते बघा. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून मजूर बिथरले, दंगा झाला, आणि त्यानं कंत्राट सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही आठवड्यांत आजारानं गेला. त्याची बायको ॲलिस हिनं कंत्राट हातात घेतलं आणि दोन अभियंते हाताशी ठेवून काम तडीस नेलं. घाटात एक बाई कंत्राटदार, तेही त्या काळात! तिचा मान तिला दिलाच पाहिजे. बर्कली स्वतः १८६२ साली वारला, उद्घाटन त्याला बघायला मिळालं नाही. ही सगळी नावं टिकली.

आणि मजूर? १८६१ च्या सुमारास या एका घाटात ४० हजारांहून जास्त माणसं एका वेळी कामावर होती. बाया होत्या, पोरं होती. डायनामाइट अजून निघायचं होतं, नोबेलचं पेटंट १८६७ चं. म्हणजे पहारीनं, घणानं खडकात भोकं पाडायची, साधी दारू ठासायची आणि पळायचं. कड्यावर पाय ठेवायला जागा नाही तिथे माणसं दोरानं खाली सोडली. पावसाळ्यात उघड्यावरचं काम थांबे. दाटीवाटीच्या झोपड्या, घाण पाणी, आणि पटकी. पटकीनं माणसं पटापट गेली. ट्रेडवेल कोणत्या साली मेला हे सांगता येतं. त्याच घाटात मेलेल्या मजुरांपैकी एकाचंही नाव आम्ही तुम्हाला सांगू शकत नाही. काम संपल्यावर चारच वर्षांत, १८६७ च्या पावसात, त्यातला एक मोठा पूल कोसळला. तो कोणी बांधला होता ते नोंदवलेलं आहे. दगड कोणी वाहिले ते नाही.

ज्या कागदांत ४० हजारांतला एकही माणूस नावानं दिसत नाही, त्यांत एक वाटाड्या दिसला नाही, म्हणून तो नव्हता असं म्हणता येईल? नाही. तिथे दिवाच लावलेला नव्हता. पहिल्या मुलाला आमचं एवढं उत्तर.

पण दुसऱ्या मुलालाही उत्तर द्यायचं आहे, आणि ते त्याला आवडेल असं नाही. शिंग्रोबाचं देऊळ रुळांजवळ नाही. रेल्वे कर्जतकडून पळसदरी, ठाकूरवाडी अशी चढते. देऊळ खोपोलीच्या अंगाला, गाडीरस्त्यावर. तो रस्ता रेल्वेच्या कितीतरी आधीचा. १८३० साली गव्हर्नर माल्कम यांनी तो सुरू केला. त्याच वर्षीचा अमृतांजन पूल तुम्ही पाहिला असेल, २०२० मध्ये पाडला. आम्हाला वाटतं, ही कथा मुळात रस्त्याची असावी, आणि रेल्वे मोठी झाल्यावर ती रेल्वेला चिकटली. वाट दाखवणं हे रस्त्याच्या बाबतीत पटतंही. आणि ती गोळी? साहेब आणि तो मागणारा माणूस यांच्यातलं ते संभाषण ऐकायला तिसरं कोण होतं? ते संभाषण लोकांनी रचलेलं आहे. ते इतिहास म्हणून आम्ही पुन्हा वर्गात सांगणार नाही.

मग उरतं काय? आपल्या भागात गावोगाव वीरगळ आहेत. खाली गुरं, मधे लढाई, वर स्वर्ग. गुरं राखताना कोणीतरी मेलं, एवढं दगड सांगतो. बहुतेकांवर नाव नाही. तरी तो खोटा म्हणून कोणी फेकून देत नाही, शेंदूर लावतो. इंदापूर तालुक्यात रुईला बाबीराची यात्रा भरते, तोही गुराख्यांचाच देव. राखणदार मेला की त्याचं ठाणं होतं, ही आपल्याकडची नोंद ठेवायची रीत आहे. शिंग्रोबा त्या रीतीतला आहे. त्या ठाण्यातून जे कळतं ते असं: घाटाची माहिती कोणाकडे होती, आणि तिच्या बदल्यात काहीच मिळालं नाही ही सल कोणाला होती. ही सल रचलेली नाही.

माथेरानबद्दल बोलायचं राहिलंच. ती गाडी पीरभॉय कुटुंबानं स्वतःच्या पैशानं बांधली, १९०७ मध्ये सुरू केली, दोन फुटी रूळ आणि चढ २० ला १. इंग्रजांच्या कंपनीनं नव्हे, मुंबईच्या एका बोहरी व्यापारी घराण्यानं. तिच्यासाठी वेगळं व्याख्यान पाहिजे.

आता एक काम. इथे तरुण मुलं बसली आहेत, सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहे. यंदा दिवाळीत वाडे हलतील. काही आता मेंढरं टेम्पोत घालून नेतात, काही अजून पायी जातात. जे पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत त्यांना गाठा आणि विचारा: कोणत्या घाटानं उतरत होता? मुक्काम कुठे कुठे? पाणी कुठे? त्या कड्याला, त्या खिंडीला तुमचा शब्द कोणता? रेल्वेचे रूळ ओलांडताना कळपाचं काय करायचात? जे सांगतील ते तसंच रेकॉर्ड करा, आणि सांगणाऱ्याचं पूर्ण नाव सुरुवातीलाच घ्या, गावासकट.