विजयदुर्गचा ‘शोध’ आणि एक संपादक

विजयदुर्गच्या किल्ल्यांतील ओटे दाखवून वाटाडे सांगतात कीं, सन १८६८ मध्यें लॉकियरसाहेबानें येथूनच खग्रास ग्रहण पाहून हेलियमचा शोध लाविला. कोंकणास अभिमान वाटावा अशी ही कथा आम्हीही वर्गांत मोठ्या उत्साहानें सांगितली आहे. परंतु ती खरी नाहीं, हें येथें कबूल करणें भाग आहे.

१८ ऑगस्ट १८६८ चें ग्रहण हिंदुस्थानांत दिसलें खरें. पण लॉकियर त्या वेळीं इंग्लंडांतच होता. युद्धखात्यांत कारकुनी करून उरलेल्या वेळांत तो आकाशाचा अभ्यास करी. २० ऑक्टोबर रोजीं, ग्रहण नसतांना, वर्णपटदर्शकानें त्यानें सूर्याच्या कडेवरील ज्वाला न्याहाळल्या. जान्सेन या फ्रेंच ज्योतिर्विदानें गुंटूर येथें ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशीं हें साधिलें होतें. तरी दोघांचीं पत्रें पॅरिसच्या अकादमीस एकाच दिवशीं मिळालीं. त्या वर्णपटांतील एक पिवळी रेषा कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशीं जुळेना. तेंच हेलियम, रॅम्झे यांस तें पृथ्वीवर सांपडलें १८९५ मध्यें. लॉकियर विजयदुर्गास आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं!

या गृहस्थाचें दुसरें कार्य आमच्याकडे फारसें कोणी सांगत नाहीं. ४ नोव्हेंबर १८६९ रोजीं त्यानें ‘नेचर’ हें साप्ताहिक सुरू केलें आणि पुढें पन्नास वर्षें तें चालविलें. प्रकाशक मॅकमिलन यांनीं कित्येक वर्षें तोटा सोसला. सामान्य सुशिक्षितांस शास्त्राची गोडी लागावी, हा त्याचा एक मूळ हेतु. परंतु त्यांतील पत्रव्यवहाराच्या सदरांत शास्त्रज्ञ आपापले शोध व वाद मांडूं लागले, आणि लोकांसाठीं निघालेलें पत्र हळूहळू विद्वानांचें झालें.

यांत लाभ झाला तशी हानिही झाली. विद्वानांच्या पत्रांत चूक छापली गेली, तर पुढील अंकांत तिचें खंडन करणारा कोणी तरी निघतो. लोकांत पसरलेल्या चुकीस मात्र असा संपादक लाभत नाहीं. ती ओट्यावर बसून पिढ्यान्‌पिढ्या ऐकविली जाते. शास्त्र मातृभाषेंत सोपें करून लिहिणाराचें खरें काम येथेंच आहे. विजयदुर्गास लॉकियर आला, एवढें सत्यही अभिमानास पुरेसें आहे. त्याला तीस वर्षें मागें नेण्याची कांहीं गरज नव्हती.