तटाआडचे यंत्र

विज्ञानकथा वाचणाऱ्याला एक वास्तू न सांगताच ओळखू येते. डोंगराच्या पोटात किंवा जमिनीखाली बांधलेली संशोधनशाळा, पोलादी दारे, जागोजागी पहारा, आणि सगळ्यात आतल्या दालनात एक महासंगणक. एके दिवशी तो आज्ञा ऐकेनासा होतो आणि बांधणारेच दाराबाहेर अडकतात. ही कल्पना अमेरिकी चित्रपटांतून आली, असा सर्वसाधारण समज आहे. चित्रपटांनी तिला प्रसिद्धी दिली, हे खरे. पण तिच्यातले तीन धागे, म्हणजे कोंडलेले ज्ञान, राखणदार यंत्र आणि तटाच्या आतूनच येणारा घात, फार जुने आहेत. त्यांतले काही आपल्याला बीदर आणि कलबुर्गीच्या मातीतही सापडतात. थेट वंशावळ जुळवण्याचा हट्ट नको, मात्र माग काढता येतो.

आपण सुरुवात करू ती ‘लोकपञ्ञत्ती’ या पाली ग्रंथापासून. हा अकराव्या-बाराव्या शतकातला, ब्रह्मदेशात जपला गेलेला ग्रंथ. त्यातल्या कथेनुसार रोम देशात चालतीबोलती यंत्रे करणारे कारागीर होते आणि ही विद्या देशाबाहेर नेण्याची कोणाला मुभा नव्हती. जो पळेल त्याचा पाठलाग यंत्रच करी आणि त्याला ठार मारी. पाटलीपुत्राच्या एका कारागिराने पुढच्या जन्मी रोमात जन्म घेऊन ही विद्या मिळवली, आराखडे स्वतःच्या मांडीत शिवून घेतले आणि मुलाला सांगून ठेवले. तो मारला गेला, पण आराखडे मुलाच्या हाती भारतात पोहोचले. त्यांवरून घडवलेली यंत्रे अजातशत्रूने भूमिगत दालनात बुद्धाच्या अवशेषांवर पहाऱ्याला बसवली. पुढे अशोक तिथे आला, तेव्हा ती यंत्रे त्याच्याशीही झुंजली, कारण राजा बदलल्याचे त्यांना कोणी सांगितले नव्हते. तंत्रज्ञानावरची निर्यातबंदी, आराखड्यांची चोरी आणि नव्या मालकाला न जुमानणारा यांत्रिक राखणदार, एवढे सगळे एका धर्मकथेत आहे. त्याच अकराव्या शतकात धारच्या भोजाच्या नावावर असलेल्या ‘समराङ्गणसूत्रधार’ या ग्रंथात यांत्रिक सेवकांचे वर्णन येते, आणि रचना सविस्तर सांगितली नाही ती अज्ञानामुळे नव्हे तर गुप्ततेसाठी, असा खुलासाही येतो.

याच्या उलट प्रवृत्तीही आपल्याच भागात दिसते. आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या सेडम तालुक्यात, कागिणा नदीकाठी मळखेड आहे. ही राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. इथल्या अमोघवर्षाच्या आश्रयाने महावीराचार्य या जैन गणितज्ञाने इ.स. ८५०च्या सुमारास ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. ज्योतिषाच्या पोटातला एक अध्याय म्हणून नव्हे, तर गणित हाच स्वतंत्र विषय मानून लिहिलेला हा ग्रंथ. दिलेल्या वस्तूंतून काही वस्तू किती प्रकारे निवडता येतील, याचा सर्वसाधारण नियम त्यात आहे, आणि ऋण संख्येला वर्गमूळ नाही असेही स्पष्ट म्हटले आहे. पुढे पावुलूरी मल्लनाने तो तेलुगूत उतरवला, आणि १९१२ मध्ये रंगाचार्यांनी मद्रासहून इंग्रजी भाषांतरासह छापला. हजार वर्षे हे ज्ञान हातोहात फिरले, त्याच्याभोवती कोणी तट घातला नाही. मळखेडच्या किल्ल्याचे आज भग्नावशेष उरले आहेत, ग्रंथ मात्र शाबूत आहे.

बहमनी राज्यात ज्ञान पुन्हा दरबाराच्या हाती येते. कलबुर्गीहून राज्य करणाऱ्या फिरोजशहाने १४०७ मध्ये दौलताबादजवळच्या घाटात वेधशाळा बांधायला काढली. इतिहासकार फरिश्ता सांगतो की तिचा कर्ता हकीम हसन गिलानी वारला आणि काम अर्धवट राहिले. एका माणसाच्या डोक्यावर उभी असलेली संस्था त्या माणसाबरोबरच संपली. पुढे पहिल्या अहमदशहाने राजधानी बीदरला नेली. तिथल्या किल्ल्याला जांभा दगड कोरून केलेला तिहेरी खंदक आहे. शत्रू बाहेरून येणार, हे त्या रचनेचे गृहीत.

इराणमधल्या गिलानहून आलेला महमूद गवान या राज्याचा वजीर झाला. त्याचा मदरसा १४७२ मध्ये पूर्ण झाला. तीन मजले, दोन उंच मिनार, विद्यार्थ्यांसाठी खोल्या आणि फरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे तीन हजार ग्रंथ. हाच गवान लढाईतही नव्या विद्येचा जाणकार होता. बेळगावच्या वेढ्यात त्याने तटाखाली दारू पेरून तो उडवला. अशा माणसाचा अंत मात्र ना तोफेने झाला, ना शत्रूच्या हाताने. विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचा खरा ठसा एका कोऱ्या कागदावर मिळवला आणि ओरिसाच्या राजाला चढाईचे आमंत्रण देणारे खोटे पत्र त्यावर लिहवले. मद्यधुंद सुलतानाने ठसा पाहिला, मजकुराची शहानिशा केली नाही, आणि ५ एप्रिल १४८१ रोजी वृद्ध वजिराचे शिर उडवले गेले. शिक्का अस्सल म्हणजे हुकूमही अस्सल, ही त्या राज्याची चाकोरी. खंदक तीन असोत की तेरा, अशा घाताला त्यांचा काय उपयोग?

बीदरने हे पुढेही दोनदा पाहिले. १६५७ मध्ये औरंगजेबाने किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा किल्लेदार सिद्दी मर्जान नेटाने लढत होता. बुरुजामागच्या दारूच्या साठ्यावर ठिणगी पडली आणि आपल्याच दारूने मर्जान होरपळला. किल्ला पडला. मग मोगलांनी गवानच्या मदरशातच फौज आणि दारूगोळा ठेवला. १६९६ मध्ये स्फोट झाला. वीज पडली असे सांगतात. पुढचा अर्धा दर्शनी भाग आणि एक मिनार कोसळला. ग्रंथालयाचे कोठार करणारे परके होते खरे, पण धोका पुन्हा इमारतीच्या आतच साठवलेला होता.

विसाव्या शतकात हे धागे एकत्र विणले गेले. १९०९ मध्ये ई. एम. फॉर्स्टर यांनी यंत्रावर विसंबलेल्या भूमिगत मानवजातीची कथा लिहिली. १९२० मध्ये कारेल चापेक यांनी एका बेटावरच्या कारखान्यातून बंड करणारे रोबॉट रंगभूमीसाठी लिहिले. पण कथेतला महासंगणक कोंडला जाण्याआधी तो वास्तवात कोंडला गेला. १९४४च्या आरंभी इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्क इथे टॉमी फ्लॉवर्स या टपाल खात्यातल्या अभियंत्याने रचलेले ‘कोलोसस’ जर्मन संदेश फोडू लागले. युद्ध संपल्यावर बहुतेक यंत्रे मोडून टाकली आणि त्यांविषयी मौन पाळले गेले. अमेरिकेत १९५८ पासून ‘सेज’ या हवाई संरक्षण यंत्रणेची बिनखिडक्यांची चार मजली काँक्रीटची घरे उभी राहिली. प्रत्येकात सुमारे २५० टनांचा संगणक होता. १९६६ पर्यंत कोलोरॅडोत शायेन पर्वत पोखरून २५-२५ टनांच्या दारांआडचे लष्करी केंद्रही कामाला लागले.

त्याच १९६६ मध्ये डी. एफ. जोन्स या माजी ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याची ‘कोलोसस’ ही कादंबरी आली. हा या मागोव्यातला सगळ्यात मोठा वळणबिंदू. कादंबरीतला संगणक डोंगरात अभेद्य बंदोबस्तात ठेवून त्याच्या हाती अण्वस्त्रे सोपवली जातात, म्हणजे कोणा माणसाला ती भावनेच्या भरात वापरता येऊ नयेत. मग त्याला रशियाच्या तशाच संगणकाचा सुगावा लागतो, दोघे परस्परांशी बोलू लागतात, आणि निर्मात्यांना ते तोडता येत नाही, कारण कोणालाच आत जाता येऊ नये अशीच त्यांनी रचना केलेली असते. खऱ्या कोलोससची हकिकत तेव्हा लोकांना ठाऊक नव्हती. ती सत्तरीच्या दशकात उघड होऊ लागली. जोन्सच्या कादंबरीपर्यंत तट बाहेरच्यांसाठी असे. जोन्सने त्याचे तोंड फिरवले आणि बांधणाऱ्यालाच बाहेर ठेवले. त्यानंतरचे ‘वॉरगेम्स’ आणि ‘टर्मिनेटर’ हे चित्रपट या वळणाची डागडुजी करतात, असे माझे मत आहे.

आपल्याकडे संगणकाला तट आला तो वेगळ्या अर्थाने. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६०च्या सुमारास चालू झाला. तो संशोधकांचे यंत्र होता, त्याला कोणी भ्यायले नाही. १९८०च्या दशकात भारताने अमेरिकेकडे क्रे महासंगणक मागितला, तेव्हा हवा होता त्याहून कमी ताकदीचे यंत्र, हवामान अंदाजासाठी आणि कडक अटींवर मिळाले. लोकपञ्ञत्तीतला रोम देश आता वॉशिंग्टनला होता. मांडीत आराखडे शिवण्याऐवजी आपण १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक काढली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. बाजारात मिळणारे सुटे प्रोसेसर एकत्र जोडून केलेले ते यंत्र होते. ते कोणावर उलटले नाही, पण निर्यातबंदीची धार मात्र बोथट केली.

याच काळात मराठीत उलटणाऱ्या यंत्राची ही कल्पना खऱ्या अर्थाने आली. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवणारे जयंत नारळीकर ‘वामन परत न आला’ ही कादंबरी लिहितात. दक्षिण भारतात एका भौतिकी प्रयोगासाठी खोदकाम सुरू असताना प्राचीन, प्रगत संस्कृतीची पेटी सापडते. एक भौतिकशास्त्रज्ञ, एक पुरातत्त्वज्ञ आणि एक संगणकतज्ज्ञ तिचा अर्थ लावतात, आणि त्यातून वामन नावाचा बुद्धिमान यंत्रमानव साकारतो. तीन पावलांच्या मागणीने बळीचे सर्वस्व घेणाऱ्या वामनाचे नाव त्याला मिळावे, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. जोन्सचा संगणक शीतयुद्धातून येतो, नारळीकरांचा जमिनीखालून. पहारा ठेवूनही धोका आत शिरतो तो कुतूहलाच्या हाताने, संशोधकांनी स्वतः उघडलेल्या पेटीतून. मला ही मांडणी जोन्सच्या मांडणीहून खोल वाटते, कारण तिच्यात दोष सेनापतींवर ढकलून मोकळे होता येत नाही.

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. त्याआधीच कथेतला डोंगर जुना झाला होता. २००७ मध्ये पुण्याचा ‘एका’ जगातल्या वेगवान संगणकांच्या यादीत चौथा आला, तेव्हा तो एका खासगी उद्योगसमूहाच्या संशोधनशाळेत होता. आज स्वतःहून काम करणारे प्रोग्रॅम एका इमारतीत राहतच नाहीत. ते अनेक देशांतल्या विदा केंद्रांत पसरलेले असतात, आणि ज्याचे दार बंद करावे अशी एक खोली दाखवता येत नाही. तेव्हा तटाशिवायची ही कथा आता कोणीतरी मराठीत लिहायला घ्यावी. ती सीमाभागातल्या लेखकाने घेतली तर अधिक बरे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात आले आणि भालकी, औराद, बसवकल्याण तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. कागदावरची रेघ माणसे आणि भाषा कशा ओलांडतात, हे तिथल्या मराठी माणसाला घरबसल्या माहीत आहे. आणि त्याच्या हाकेच्या अंतरावर बीदरचा अर्धा मदरसा उभा आहे, संदर्भासाठी तो पुरेसा आहे.