मुलाखतीची खुर्ची आणि निर्णयाची खुर्ची

२४ जानेवारी २०२२. अमेरिकन फुटबॉलमधले प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेस यांच्या फोनवर अभिनंदनाचे संदेश आले. पाठवणारे होते त्यांचे जुने वरिष्ठ बिल बेलिचिक. न्यूयॉर्क जायंट्सचे मुख्य प्रशिक्षकपद तुलाच मिळतेय असे ऐकले, असा त्यांचा आशय होता. फ्लोरेस चक्रावले. त्यांची मुलाखत तर गुरुवारी, म्हणजे तीन दिवसांनी होती. विचारल्यावर उलगडा झाला, की बेलिचिक यांचा नावात घोळ झाला होता. त्यांना अभिनंदन करायचे होते ते ब्रायन डेबोल या गोऱ्या प्रशिक्षकाचे. फ्लोरेस कृष्णवर्णीय आहेत. तरीही ते गुरुवारी गेले आणि त्यांनी मुलाखत दिली. पद डेबोल यांना मिळाले. १ फेब्रुवारीला फ्लोरेस यांनी एनएफएल या लीगवर आणि तिच्यातल्या संघांवर वर्णभेदाचा खटला भरला व हे संदेश न्यायालयापुढे ठेवले. निर्णय आधीच झाला होता, हा आरोप जायंट्सने फेटाळला.

मुलाखतीनंतर ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ हा शेरा ज्यांनी वाचला आहे, त्यांना हा प्रसंग समजावून सांगायची गरज नाही. प्रश्न वेगळा आहे. निर्णय झालेला असेल, तर मुलाखत घ्यायचीच कशाला?

उत्तरासाठी आधी या धंद्याची रीत पाहू. हा खेळ आपल्याकडच्या फुटबॉलपेक्षा वेगळा, चेंडू हातात घेऊन धावण्याचा आणि अंगावर अंग आदळण्याचा. लीगमध्ये ३२ संघ. जानेवारीत साखळी सामने संपले की लगेच येणाऱ्या सोमवारी प्रशिक्षकांना काढण्याचा सपाटा सुरू होतो. त्या दिवसाला तिथे ‘ब्लॅक मंडे’च म्हणतात. नवा मुख्य प्रशिक्षक येताना आपले सहाय्यक घेऊन येतो. मार्चमध्ये करार संपलेल्या खेळाडूंची उचल होते, एप्रिलमध्ये कॉलेजातल्या मुलांची निवड होते. उन्हाळ्यात संघात ९० जण असतात, हंगाम सुरू होताना उरतात ५३. बाकीच्यांना नारळ. काढलेल्या मुख्य प्रशिक्षकाला सहसा उरलेल्या कराराचे पैसे मिळतात. खेळाडूच्या कराराचा मोठा भाग मात्र अनेकदा कागदावरच राहतो. मैदानात हाडे मोडून घेणाऱ्यांत अर्ध्याहून अधिक कृष्णवर्णीय आहेत. कोण राहील, कोण जाईल हे ठरवणारे मालक जवळजवळ सगळे गोरे.

हे पहिल्यापासून असेच होते असे नाही. १९२० साली ही लीग सुरू झाली, तेव्हा पहिले विजेतेपद जिंकणाऱ्या अ‍ॅक्रन संघात फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. १९२१ मध्ये तो त्याच संघाचा प्रशिक्षकही झाला. मग दारे बंद झाली. १९३४ ते १९४५ या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. कुठे लेखी नियम नाही, फक्त मालकांचे आपापसातले ‘समजून घेणे’.

दार उघडले ते कुणाला पाझर फुटला म्हणून नाही. १९४६ मध्ये रॅम्स संघ लॉस एंजेलिसला आला आणि त्याला तिथले कलोसियम मैदान हवे होते. ते सार्वजनिक मालकीचे. कृष्णवर्णीय पत्रकारांनी नेमके तिथेच बोट ठेवले: सगळ्यांच्या पैशाने बांधलेल्या मैदानावर फक्त गोऱ्यांचा संघ कसा खेळेल? रॅम्सला केनी वॉशिंग्टन आणि वूडी स्ट्रोड यांना घ्यावे लागले. वॉशिंग्टन शहराच्या संघाचा मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल तर १९६२ पर्यंत अडून बसला. त्याचे नवे स्टेडियम केंद्र सरकारच्या जमिनीवर होते. केनेडी सरकारने जमिनीचा मुद्दा काढला, तेव्हा तो वाकला.

खेळायला मिळाले, पण डोक्याचे काम? संघाची चाल चालवणारा क्वार्टरबॅक गोराच हवा, हा समज पक्का होता. १९६८ मध्ये डेन्व्हरच्या मार्लिन ब्रिस्को याने पहिल्याच हंगामात चेंडू फेकून १४ टचडाऊन करून दाखवले. पुढच्या हंगामाआधी त्याला बाजूला सारण्यात आले. बफेलो संघाने त्याला घेतले, पण चेंडू झेलणारा म्हणून. पुढे मुख्य प्रशिक्षक बऱ्याचदा क्वार्टरबॅक घडवणाऱ्या सहाय्यकांमधून निवडले जाऊ लागले. शिडीची खालची पायरीच काढून घेतली, मग ‘वरपर्यंत कुणी पोहोचतच नाही हो’ म्हणायला मोकळे! पोलार्डनंतरचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, आर्ट शेल, थेट १९८९ मध्ये आला.

२००२ च्या सुरुवातीला टोनी डंजी आणि डेनिस ग्रीन या दोघांची पदे गेली होती. डंजींचा संघ बाद फेरीत पोहोचला होता. ग्रीन यांचा दहा वर्षांतला पहिलाच तोट्याचा हंगाम होता. त्याच वर्षी वकील जॉनी कॉक्रन आणि सायरस मेहरी यांनी अहवाल काढला. कृष्णवर्णीय प्रशिक्षकांनी हंगामामागे सरासरी एकाहून अधिक सामना जास्त जिंकला होता, तरी त्यांना नेमले उशिरा आणि काढले लवकर. सोबत खटल्याचा इशारा होता. त्यातून ‘रूनी नियम’ आला: मुख्य प्रशिक्षक नेमण्यापूर्वी किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायची. नेमणूक नव्हे, मुलाखत.

२००३ मध्येच डेट्रॉइटने स्टीव्ह मारियुची यांना नेमण्याचे मनात पक्के केले. कृष्णवर्णीय उमेदवारांनी या देखाव्याला यायला नकार दिला. डेट्रॉइट संघाच्या अध्यक्षांना दोन लाख डॉलर दंड झाला. नियम निरुपयोगी होता असे मी म्हणणार नाही. २००२ च्या हंगामात कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक दोन होते, २००६ मध्ये सात. पण धाक ओसरला तसा आकडाही ओसरला. २०१३ च्या सुरुवातीला आठ जागा रिकाम्या झाल्या, आठही गोऱ्यांना गेल्या. फ्लोरेस यांनी खटला भरला त्या दिवशी ३२ संघांत कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक एकच उरला होता, पिट्सबर्गचे माइक टॉमलिन. २०२० मध्ये लीगने आणखी एक युक्ती काढली. ज्या संघाचा अल्पसंख्याक सहाय्यक दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक होईल, त्या संघाला खेळाडू निवडीत दोन जादा संधी. म्हणजे माणूस घडला त्याचेही बक्षीस मालकाला.

खटला भरल्यावर फ्लोरेस यांना काम दिले ते टॉमलिन यांनीच, सहाय्यक म्हणून. लीगचा आग्रह होता की प्रकरण न्यायालयात नको, लवादाकडे जावे. लवाद कोण, तर लीगचे आयुक्त. त्यांना नेमतात संघमालक, पगार देतात संघमालक. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी मायामी संघावरचे दावे लवादाकडे पाठवले, पण लीग आणि जायंट्ससह तीन संघांवरचे दावे न्यायालयातच ठेवले. लीग अपिलात गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये वरच्या न्यायालयानेही तिचे म्हणणे मान्य केले नाही.