पातळ लॅपटॉप आणि उष्णतेचा हिशेब



इतिहासाच्या व्याख्यानात लॅपटॉप कुठून आला, असं काहींना वाटलं असेल. तर सुरुवात आपल्या सगळ्यांच्या अनुभवापासून करू. मे महिन्यातली दुपार आहे. घरात मुलगी प्रोजेक्टचं काम करतेय. लॅपटॉप नवा, पातळ आणि चांगला महागाचा. पहिली दोन मिनिटं तो वाऱ्यासारखा चालतो. मग पंखा शिट्टी घालू लागतो, कीबोर्डच्या वरची पट्टी हाताला चटका देते आणि यंत्र मंदावतं. दुकानदार म्हणतो, “नॉर्मल आहे, गरम होतोच.” मग खोक्यावर छापलेला तो वेग गेला कुठे? पैसे तर आपण त्याचेच मोजले होते.

या प्रश्नाचं उत्तर चाळीस-एक वर्षांच्या इतिहासात आहे, आणि आज आपल्याला तोच बघायचा आहे. आधी एक साधी गोष्ट लक्षात ठेवू. प्रोसेसर जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. 45 वॉट घेतले, की 45 वॉटची शेगडीच पेटली म्हणायची, आणि तीही नखाएवढ्या जागेत. ही उष्णता नाहीशी करता येत नाही. ती फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येते, नाहीतर मुळात कमी निर्माण करता येते. आपला सगळा इतिहास या दोन वाटांमधल्या ओढाताणीचा आहे.

1982 पासून सुरू करू. ग्रिड कंपास नावाचा संगणक त्या वर्षी बाजारात आला. पडदा मिटून कीबोर्डवर बसवायचा, ही आजच्या लॅपटॉपची घडी त्यात होती. आरेखन ब्रिटिश डिझायनर बिल मॉग्रिज यांचं, किंमत 8150 डॉलर. त्याची पेटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. ही पेटी हलकी आणि मजबूत तर होतीच, पण आतली उष्णता अंगावर घेऊन हवेत सोडायचं कामही तीच करायची. म्हणजे पेटी हेच थंड करण्याचं साधन.

गंमत पुढे आहे. अमेरिकेच्या नासाने हा संगणक स्पेस शटलमध्ये न्यायचं ठरवलं, तेव्हा त्याला पंखा जोडावा लागला. का? जमिनीवर गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी थंड हवा येते. अंतराळात वजनच जाणवत नाही, त्यामुळे गरम हवा वर जायचा प्रश्नच येत नाही. ती यंत्राला चिकटून बसते. मग हवेला ढकलायला कुणीतरी हवं. आपण लॅपटॉप गादीवर ठेवतो, खालची जाळी चादरीने बुजते, तेव्हा वेगळ्या कारणाने का होईना, आपणही हवेची तशीच कोंडी करतो, बरं का.

आता लॅपटॉपच्या पोटातली तांब्याची चपटी नळी बघू. तिला हीट पाइप म्हणतात. पुष्कळांना वाटतं, की तांबं उष्णता वाहून नेतं, एवढंच तिचं काम. कढईतल्या पळीचा दांडा तापतो तसं. पण ही नळी भरीव नाही. ती आतून पोकळ असते. आतली हवा काढून टाकलेली असते आणि चमचाभरसुद्धा नाही एवढं पाणी असतं. दाब कमी, म्हणून पाण्याची वाफ कमी तापमानाला होते. प्रोसेसरकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते आणि ती वाफ होताना उष्णता शोषून घेते. पंख्याकडच्या टोकाला वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि तिथे ती उष्णता सुटते. मग नळीच्या आतल्या अस्तरातून ते पाणी परत जागेवर येतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. माठ झिरपतो आणि गार होतो, त्यामागचं तत्त्व हेच. फक्त माठातलं पाणी उडून जातं, आणि इथे तेच पाणी फिरत राहतं.

ही कल्पना संगणकासाठी निघालेली नव्हती. अमेरिकेत जनरल मोटर्सचे रिचर्ड गॉगलर यांना 1944 मध्ये तिचं पेटंट मिळालं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर होती शीतपेटी. पेटंट पडून राहिलं. 1963 मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी स्वतंत्रपणे तेच तत्त्व पुन्हा शोधलं आणि हीट पाइप हे नाव रूढ केलं. तिथे गरज अंतराळयानांची होती. 1990 च्या दशकाच्या मध्यावर पेंटियम प्रोसेसर लॅपटॉपमध्ये शिरले, उष्णता वाढली, आणि तेव्हा ही नळी लॅपटॉपमध्ये आली. फ्रिजसाठी सुचलेली, अंतराळात वाढलेली वस्तू अशी आपल्या मांडीवर येऊन बसली.

पण एवढी उष्णता वाढली कशी? 1974 मध्ये आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हिशेब मांडला होता. ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी केलं, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतात, जास्त वेगाने चालतात, आणि उष्णता तेवढीच राहते. म्हणजे वेग जवळपास फुकट मिळत होता. पण व्होल्टेज एका मर्यादेखाली नेता येईना. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले, की बंद असतानाही त्यांतून वीज गळायला लागली. फुकटचा माल संपला.

2001 मध्ये इंटेलच्याच पॅट गेल्सिंगर यांनी एका तांत्रिक परिषदेत इशारा दिला. असंच चालू राहिलं, तर चिपच्या चौरस सेंटिमीटरमागची उष्णता आधी अणुभट्टीच्या, मग रॉकेटच्या नळकांड्याच्या आणि शेवटी सूर्याच्या पृष्ठभागाच्या पंक्तीला जाऊन बसेल. तरीही पेंटियम 4 चा वेग वाढवत नेला गेला. 3.8 गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची उष्णता 115 वॉटवर पोचली. अखेर 2004 मध्ये इंटेलने टेजास हा पुढचा प्रोसेसर सोडून दिला, आणि त्याच वर्षी 4 गिगाहर्ट्झच्या पेंटियम 4 चा बेतही रद्द केला.

लॅपटॉपसाठी मात्र त्याच कंपनीत दुसरी वाट आधीच निघाली होती. इस्राएलमधल्या हैफा इथल्या गटाने पेंटियम एम तयार केला. तो मार्च 2003 मध्ये सेंट्रिनो या नावाखाली बाजारात आला. त्याचा 1.6 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सुमारे 25 वॉटमध्ये चालायचा आणि त्याहून पुष्कळ जास्त गिगाहर्ट्झच्या पेंटियम 4 च्या तोडीचं काम द्यायचा. त्याने गिगाहर्ट्झ वाढवण्यापेक्षा प्रत्येक ठोक्यात जास्त काम उरकायचं धोरण ठेवलं होतं. पुढे इंटेलने टेबलावरच्या संगणकांसाठीही हीच वाट धरली.

ॲपलचा अनुभवही असाच आहे. त्यांचा जी 5 प्रोसेसर टेबलावरच्या यंत्रात होता, पण तो लॅपटॉपमध्ये काही केल्या बसवता आला नाही. जून 2005 मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी इंटेलकडे जायचं जाहीर केलं, तेव्हा कारण सांगितलं ते दर वॉटमागे मिळणाऱ्या कामाचं.

इथपर्यंत सगळं शहाणपणाचं वाटतं ना? पण मग पातळपणाची हौस आली. जानेवारी 2008 मध्ये जॉब्ज यांनी कागदाच्या पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. 2011 मध्ये इंटेलने अल्ट्राबुकची हाक दिली. यंत्र पातळ झालं, की पंख्याची पाती लहान होतात, हवेची वाट अरुंद होते. उष्णता न्यायची कुवत घटते. खोक्यावरचा आकडा मात्र मोठाच दिसायला हवा होता. मग हे जमवलं कसं?

जमवलं उसनवारीने. 2011 च्या सुमारास इंटेलच्या टर्बोचं नवं रूप आलं. यंत्र थंड असतं, तेव्हा आतल्या धातूला तापायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात प्रोसेसरने आपल्या ठरलेल्या वॉटच्या वर जायचं, जोरात पळायचं, आणि साधारण अर्ध्या मिनिटानंतर मुकाट्याने खाली यायचं. एखादं पान उघडायला किंवा फाइल सेव्ह करायला ही युक्ती उत्तम आहे. पण तासभर चालणाऱ्या कामात उसनं फेडावंच लागतं. म्हणजे खोक्यावर छापलेला मोठा आकडा हा पहिल्या अर्ध्या मिनिटाचा आहे. हे तिथे कुणी लिहीत नाही.

जुलै 2018 मध्ये हे उघडपणे दिसलं. ॲपलच्या 15 इंची मॅकबुक प्रोमध्ये सहा कोरचा आय 9 प्रोसेसर आला. लांबलचक व्हिडिओच्या कामात त्याचा वेग त्याच्या मूळ 2.9 गिगाहर्ट्झच्याही खाली घसरतो, असं चाचणीत दिसलं. ॲपलने काही दिवसांतच सॉफ्टवेअरची दुरुस्ती दिली आणि उष्णता सांभाळणाऱ्या व्यवस्थेतली चूक मान्य केली. पण यंत्राची जाडी होती साडेपंधरा मिलिमीटर. ती काही सॉफ्टवेअरने वाढणार नव्हती.

आता वापरणाऱ्यांकडे वळू. जगभरच्या जाणकार वापरणाऱ्यांनी एक उपाय धरला होता, तो म्हणजे अंडरव्होल्टिंग. कारखान्यातून चिप येते तेव्हा सुरक्षिततेसाठी तिला थोडं जास्तच व्होल्टेज ठरवून दिलेलं असतं. ते जरा कमी करायचं. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात लागते. व्होल्टेज 10 टक्के कमी केलं, तर 0.9 गुणिले 0.9, म्हणजे 0.81. जवळजवळ 19 टक्के उष्णता कमी, आणि वेग तोच! पैशाचा खर्च नाही, स्क्रूसुद्धा उघडायचा नाही.

पण डिसेंबर 2019 मध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्युव्हन इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी प्लंडरव्होल्ट नावाचा हल्ला जाहीर केला. नेमक्या क्षणी व्होल्टेज पाडलं, तर प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातला हिशेब चुकतो आणि त्यातून गुप्त किल्ली बाहेर काढता येते. धोका खरा होता. इंटेलने व्होल्टेजची ती सोय बंद करता येईल अशी दुरुस्ती दिली, आणि अनेक लॅपटॉपांत ती अपडेटबरोबर कायमची कुलूपबंद झाली. हल्ला करायला आधी यंत्राचा पूर्ण ताबा लागत होता. घरातल्या साध्या वापरणाऱ्याला त्याची झळ बसण्याचा संभव कमी होता. त्याचं यंत्र मात्र तापायचं ते तापतच राहिलं. सुरक्षितता आणि मालकाचा हक्क यांत कुणाचं पारडं जड, हे ठरवताना मालकाला कुणी विचारलं नाही. ही खंत नोंदवायला हवी.

2020 मध्ये दोन्ही वाटा एकाच वर्षी दिसल्या. एकीकडे आसुसने काही गेमिंग लॅपटॉपांत साध्या थर्मल पेस्टऐवजी द्रवधातू वापरला. गॅलियमचा हा मिश्रधातू उष्णता फार चांगली नेतो. पण तो विजेचाही वाहक आहे आणि ॲल्युमिनियम खातो, म्हणून हौशी हातांनी घरी वापरायची वस्तू नव्हे. दुसरीकडे नोव्हेंबरमध्ये ॲपलचा एम 1 आला, आणि त्याचा मॅकबुक एअर चक्क पंख्याविना चालला. पेंटियम एमने 2003 मध्ये दिलेला धडाच पुन्हा गिरवला गेला. उष्णता हाकलत बसण्यापेक्षा ती कमी करणं शहाणपणाचं.

शेवटी आपल्या खोलीत परत येऊ. समजा प्रोसेसरची मर्यादा 100 अंश सेल्सिअस आहे. खोली 25 अंशांची असेल, तर दोन्हींत फरक 75 अंशांचा. एवढ्या फरकावर एखादा लॅपटॉप 45 वॉट बाहेर टाकतो, असं धरू. तोच लॅपटॉप अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात 40 अंशांच्या खोलीत ठेवला, तर फरक उरतो 60 अंशांचा. म्हणजे तो टाकणार 36 वॉट. यंत्र तेच, किंमत तीच, कुवत मात्र पाचव्या हिश्शाने कमी. ज्याच्या घरी एसी आहे, त्याला पूर्ण लॅपटॉप मिळतो. ज्याच्या घरी पत्रा तापतोय, त्याला चार पंचमांश.

पण निराश व्हायचं कारण नाही, कारण याच हिशेबाची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. त्यामुळे ढोबळमानाने वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. वीज 20 टक्के कमी केली, तर वेग सुमारे 7 टक्केच घटतो. शेवटच्या थोड्या वेगासाठीच सगळ्यात जास्त उष्णता मोजावी लागते. तो थोडा वेग आपणहून सोडला, तर यंत्र गार आणि स्थिर चालतं. अनेक विंडोज लॅपटॉपांत पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के केली, की टर्बो बंद होतो. लांबलचक काम असेल तेव्हा हे करून बघा. लॅपटॉपची मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवा. जाळीतली धूळ वर्षातून एकदा काढा, आणि हवा मारताना पंखा काडीने अडवून धरा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून खराब होतो. तीन-चार वर्षं जुना असेल, तर जाणत्या कारागिराकडून थर्मल पेस्ट बदलून घ्या. वाळलेल्या पेस्टमुळे चांगली हीट पाइपही निकामी ठरते.

आणि नवा लॅपटॉप घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा. वेग किती, हे विचारू नका. अर्ध्या तासानंतर तो किती उरतो, हे विचारा. त्याला उत्तर येणार नाही कदाचित. पण दहा जणांनी विचारलं, तर अकराव्याला कुणीतरी उत्तर शोधून ठेवलेलं असेल. या चाळीस वर्षांत आकडे नेहमी कंपन्यांनी निवडले. निदान प्रश्न तरी आपण निवडू या.

इथे थांबू.